बिल शून्य, तरी सोने गहाण?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या एका वाचकाचे पत्र आहे. छतावर ३ किलोवॉटचे सोलर बसवायचे आहे. डीलरचा हिशेब असा: रोज १५ युनिट, २५ वर्षे, म्हणजे १ लाख ३६ हजार युनिट, ८ रुपये दराने ११ लाखांची बचत. हा आकडा धरावा का, असे ते विचारतात. पैसा पत्नीचे दागिने पतसंस्थेत ठेवून, १२ टक्क्यांनी. शेवटी सहज लिहिले आहे: महिन्याला १४० युनिट जळतात, गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत वीज योजनेमुळे बिल शून्य येते.

आकडा धरू नका. आपल्या भागात किलोवॉटमागे वर्षाला १४०० युनिट पुरे. खानापूरच्या पावसात त्याहून वर जाऊच नका. म्हणजे ४२०० युनिट, रोजचे साडेअकरा, आणि जुलैत मार्चच्या जेमतेम निम्मे. पॅनेल दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का उतरते. २५ वर्षांची बेरीज ९६ हजारांच्या आसपास. शिवाय लाईट गेली की बॅटरी नसलेला इन्व्हर्टर भर उन्हातही बंद राहतो, आणि नारळाची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्खी रांग मंदावते. ९० हजार धरा. मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च आहेच.

पण दादा, बचत कशाची करणार? तुमचे १४० युनिट फुकटच आहेत. सोलरचे उरतात वर्षाचे अडीच हजार युनिट. ते हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनीत जातील, आणि कंपनी त्यांना देते तो दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. ३ रुपये धरले तरी साडेसात हजार. आता खर्च बघा: सोलरच्या २ लाखांतून केंद्राच्या सूर्यघर योजनेचे ७८ हजारांचे अनुदान वजा, राहिले १ लाख २२ हजार, त्यावर नुसते व्याज साडेचौदा हजार. दरवर्षी सात हजार खिशातून, मुद्दल वेगळेच. त्यात अनुदान काम झाल्यावर खात्यात येते, म्हणजे आधी पूर्ण २ लाखांचे दागिने अडकणार. ११ लाखांचे गाजर दाखवणाऱ्याने तुमचे बिल एकदा तरी मागितले होते का?

गृहज्योतीत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला तर पूर्ण बिल भरावे लागते. एसी किंवा विजेची शेगडी घेऊन तसे होणार असेल, तेव्हा २ किलोवॉटचा विचार करा. त्याला ६० हजारांचे अनुदान आहे. पैसा सूर्यघर योजनेतल्या विनातारण बँक कर्जातून घ्या. डीलरकडून महिनावार युनिट कोटेशनवर लिहून घ्या. नेट मीटर, म्हणजे लाइनीतून घेतलेली आणि लाइनीत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागल्यावर गृहज्योतीचे काय होईल, हे हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला अर्ज देऊन लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.