घरी डायलिसिस सुरू केल्यावर लाइट बिलात सवलत मिळते का?

तुमचे वडील ऐरोलीत राहतात, पुढच्या महिन्यात त्यांचं रात्री मशीनवर पोटातून डायलिसिस सुरू होणार आणि तुम्हाला लाइट बिलाची धास्ती वाटतेय. माझ्या आईचं नेरुळच्या घरी चार वर्षं हेच चाललं, म्हणून लिहिते.

महावितरणच्या घरगुती दरांत डायलिसिसच्या रुग्णासाठी वेगळा दर नाही. ब्रिटनमध्ये घरी रक्ताचं डायलिसिस करणाऱ्याला विजेचा जादा खर्च सरकारी आरोग्यसेवा परत देते. आपल्याकडे महावितरणच्या बिलात तशी सोय नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण आमचं बिल मशीनने वाढवलं नव्हतं. डायलिसिसच्या द्रवाची पिशवी जोडताना-काढताना पंखा बंद, खिडक्या बंद. धुळीबरोबर जंतू पोटात गेले की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग. मे महिन्यात आई घामाने निथळायची, म्हणून एसी घेतला आणि तो रात्रभर चालू राहू लागला. रोज झोपताना आणि उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहायला लागले तेव्हा हे लक्षात आलं. मग खोली आधीच गार करून ठेवायची, जोडणीच्या वेळी एसीही बंद आणि नंतर पंखा, असं बसवलं. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे चढतो. चढा दर त्यापुढच्या युनिटांनाच लागतो, तरी फरक जाणवतो.

सीएपीडीबद्दल, म्हणजे मशीनऐवजी हाताने करायच्या पोटातल्या डायलिसिसबद्दल, डॉक्टरांना जरूर विचारा. पिशवी उंचावर टांगली की द्रव आपोआप पोटात उतरतो, मशीन लागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. वीज लागते ती पिशवी कोमट करण्यापुरती (गरम पाण्यात मात्र बुडवू नका). वडिलांना ते झेपेल का, हे डॉक्टरच सांगतील.

बिल थकलंच, तर वीज कायदा २००३च्या कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय जोडणी तोडता येत नाही. त्या मुदतीत डॉक्टरांचं पत्र घेऊन कार्यालयात जा आणि हप्ते मागा. वडील जुन्या पद्धतीने आयकर भरत असतील, तर ज्येष्ठांना उपचारखर्चावर १ लाखापर्यंत वजावट मिळते (१९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी).

वहीत पहिली नोंद मशीन घरी यायच्या आठवडाभर आधीच करा, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडून बघणार?