शिकारीसाठी लॅब्राडॉरचं पिल्लू घेतोय. तयार व्हायला किती महिने लागतात आणि ट्रेनर लावावा का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये राहता, शेजारी बदकांच्या शिकारीला नेणार आहे आणि पिल्लू आलं की लगेच त्याला बंदुकीच्या आवाजाची सवय लावा असं त्याचं म्हणणं आहे. महिन्यांचं आणि ट्रेनरचं नंतर बघू. आधी ते आवाजाचं, कारण त्याच सल्ल्यापायी माझा अख्खा हिवाळा गेला.

मी मिनेसोटात असतो, मूळ मिरजेचा. आमच्या घरी शिकारीचा वारसा म्हणजे आजोबांच्या गोष्टी. पाण्यात बदक पडलं की आणायला रिट्रीव्हर वगैरे नव्हता. गल्लीतली दोन पोरं चड्डीवर उड्या टाकायची आणि त्यांना पक्ष्यामागे चार आणे मिळायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते सगळं बंद झालं आणि बरंच झालं. पण तेवढ्या गोष्टींच्या जोरावर माझ्या मोठ्या भावाला कुत्र्यांतलं सगळं कळतं, असं त्याला आजही वाटतं. दादा पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

आमची ठकी मे महिन्यात सात आठवड्यांची असताना आली, काळी कुळकुळीत. नाव मुद्दाम छोटं ठेवलं, कारण पडलेल्या पक्ष्यावर कुत्र्याला सोडायचं ते त्याचंच नाव पुकारून. तिथे ‘शेवंताबाई’ म्हणत बसलात तर बदक वाहून जाईल. माझा शेजारी तिला ‘टाकी’ म्हणतो, ती त्यालाही ओ देते.

पहिले दोन महिने मी आयुष्यात क्वचित इतका खूश असेन. आमच्याकडे बेडरूमबाहेर एक अरुंद बोळ आहे. सगळी दारं लावायची, आपण पिल्लाच्या अंथरुणाच्या बाजूला मांडी घालून बसायचं आणि मोज्याला गाठ मारून तो फेकायचा. पिल्लू धडपडत जातं, मोजा उचलतं आणि आपल्या अंथरुणाकडे न्यायला निघतं. वाटेत तुम्ही बसलेले. पिल्लाला वाटतं आपण घरी चाललोय, तुम्हाला वाटतं ते माझ्याकडे आलं. दोघंही खूश. असं तीनदा करायचं. चौथ्यांदा तिने कितीही नाचून दाखवलं तरी मोजा खिशात. पंगतीत पोट भरायच्या आत उठवल्यासारखं. हे कुत्र्यापेक्षा माणसाला जड जातं, मला तर फार जड गेलं.

पाण्याचंही तसंच. जूनमध्ये तळ्याचं पाणी कोमट झालं, मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आत गेलो आणि उभा राहिलो. हाक नाही, ओढणं नाही. ती काठावर दहा मिनिटं रडली, मग पोटापर्यंत आली, आणि एकदम पायाखालची जमीन गेली तशी पोहायला लागली. पिल्लाला उचलून पाण्यात फेकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मी घाई केली. ठकी पाच महिन्यांची. शिकारी कुत्र्यांच्या क्लबातला एकजण म्हणाला, रेंजवर घेऊन ये, कानावर पडू दे. मला जरा शंका होती म्हणून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दादाला विचारलं. तो म्हणाला, “अरे, आपल्या टायगरला नाही का झाली सवय? लक्ष्मीपूजनाला त्याच्या शेजारी सुतळी बॉम्ब लावायचो. कुत्र्याला आधीच टणक करायचं असतं.”

गेलो. मातीच्या तबकड्या उडवून त्यावर नेम धरतात तशी रेंज, ओळीत पाच बंदुका, सगळ्या बारा बोअरच्या. पार्किंगमध्ये ती माझ्या बुटाची नाडी चावत बसली होती. पहिला बार उडाला, तिने मान वर केली. दुसऱ्याला नाडी सोडली. चौथ्या-पाचव्याला मी बघतो तर पट्टा ताणलेला आणि कुत्री गाडीखाली. मी खडीवर आडवा झालो, हात घातला. ती पोट जमिनीला चिकटवून थरथरत होती, खालची खडी ओली झाली होती, आणि माझ्या हाताकडे बघतच नव्हती.

नंतरचे दोन महिने कुकरची शिट्टी झाली तरी ती सोफ्यामागे. डमी (सरावात पक्ष्याऐवजी फेकतात ती) दाखवली की तोंड फिरवायची. जे काम तिच्या रक्तात होतं त्याचीच तिला भीती बसली आणि ती मी बसवली. क्लबातल्या माणसाला काय दोष द्यायचा, पट्टा माझ्या हातात होता.

आणि टायगर? तो लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या पोत्यामागे जाऊन मुतायचा, हे मी स्वतः पुसलंय. तिसऱ्या वर्षी तो पळाला आणि दोन दिवसांनी रेल्वेच्या यार्डात सापडला. दादाच्या आठवणीत मात्र टायगर छाती काढून उभा आहे. यावर आमचं वीस वर्षं भांडण आहे. सवय आणि हाय खाणं यातला फरक त्याला कळत नाही. कुत्रं गप्प झालं म्हणजे त्याला सवय झाली, असं तो धरतो.

ठकीला ठीक केलं ते एका सत्तरीच्या बाईंनी. त्यांनी बंदुकीचं नावच काढलं नाही. आधी कबुतर. पंखाची पिसं छाटलेलं कबुतर गवतात फडफडलं आणि ठकीच्या डोक्यातून सगळं निघून गेलं. (हे बघवत नसेल तर शिकारी कुत्र्याच्या नादी लागू नका, साधा लॅब पाळा.) मग नोव्हेंबरमध्ये माझी बायको, जी अंड्यालाही हात लावत नाही, ती उणे दहात शंभर पावलांवर मुलाची टिकल्यांची पिस्तूल घेऊन उभी. कबुतर उडालं, ठकी भरधाव सुटली, की मगच एक टिकली. सगळी नजर ठकीच्या कानांवर. कान मागे गेले की बायकोने वीस पावलं मागे जायचं. कान पुढे असले की पुढच्या आठवड्यात दहा पावलं जवळ. एप्रिलला बिनगोळीचं पिस्तूल, जूनला लांबून वीस बोअर, म्हणजे बारा बोअरपेक्षा हलकी बंदूक. आवाज झाला म्हणजे आभाळातून काहीतरी चांगलं पडणार, एवढंच तिला कळायला हवं होतं.

सप्टेंबरअखेर हंगाम उघडला. शेजाऱ्याने निळ्या पंखांचा एक टील, म्हणजे छोटं बदक, पाडला, तो जंगली भाताच्या दाट गवतात गडप झाला. मला दिसला नाही, शेजाऱ्यालाही नाही. ठकीने पडताना पाहिला होता. नाव घेतलं, ती गेली, गवत हलताना दिसलं, मग तेही थांबलं. परत आली तेव्हा नाकावर शेवाळ, आणि टील माझ्या हातात ठेवला तर कोमट, एक पीस मोडलेलं नाही. ज्या जबड्याने तिने आमच्या टेबलाचा पाय खाल्लाय तोच जबडा. मी लायसन काढतो, बदकांच्या शिकारीला लागणारं २५ डॉलरचं फेडरल डक स्टॅम्प घेतो, पण बंदूक फारशी उचलत नाही. मला तेवढ्यासाठीच जायचं असतं.

तर, किती महिने? आमचे दीड वर्ष झाले, त्यातला एक हिवाळा माझ्या मूर्खपणाचा. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, तेव्हा कठीण डमी तोंडात देऊ नका, हिरड्या दुखल्या की उचलण्याचाच कंटाळा बसतो. मोजमापच हवं असेल तर एकेसीची (अमेरिकन केनेल क्लबची) ज्युनिअर हंटर चाचणी आहे, सहा महिन्यांपासून देता येते. जमिनीवर दोन आणि पाण्यात दोन पक्षी, एका वेळी एकच, अंतर शंभर यार्डांच्या आत, आणि पक्षी हातात द्यावा लागतो. ठकी पहिल्यांदा नापास झाली, कारण पाण्याबाहेर आल्यावर तिने अंग झाडायला बदक खाली ठेवलं आणि तिथेच विसरली.

ट्रेनर? तीन महिने कुत्रं पाठवून द्यायचं आणि तयार माल परत आणायचा, हे मला पटत नाही. आठवड्यातून एकदा तुम्हालाच शिकवील असं कोणीतरी शोधा. शॉकच्या पट्ट्याबद्दल माझं मत वाईट आहे. मात्र त्या बाईंच्या स्वतःच्या कुत्र्यांना तो आहे आणि ती कुत्री माझ्या ठकीपेक्षा सरस आहेत, हेही सांगायला हवं.

हे आधी सांगायला हवं होतं: पिल्लाच्या आईबापांचे ओएफएचे (कुत्र्यांची हाडं-सांधे तपासून दाखले देणारी संस्था) खुब्याचे दाखले बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ते पक्के दाखले दोन वर्षांनंतरच मिळतात. ईआयसी या आनुवंशिक आजाराची तपासणीही विचारा. त्यात पळता पळता मागचे पाय लुळे पडतात, त्याचा जीन इथल्याच मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी २००८मध्ये शोधला. ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवा तवंग दिसला तर कुत्रं पाण्यात उतरवू नका, त्याने कुत्री तासाभरात मेलेली आहेत. आणि शिकारी वंशाचं पिल्लू सोफ्यावर लोळणाऱ्यातलं नसतं, सकाळी तास आणि संध्याकाळी तास नसेल तर घेऊ नका. तुमच्या शेजाऱ्याला सांगा, पहिलं वर्ष बंदूक कपाटात.

गेल्या दिवाळीत दादाचा कॉल आला. त्याने मुद्दाम फोन गॅलरीबाहेर धरला, खाली हजाराची माळ लागली होती. इकडे ठकी ताडकन उठली, खिडकीशी जाऊन बसली आणि आभाळात बघायला लागली, मान इकडे, मान तिकडे, काय पडतंय का ते.

फोनमधून दादा ओरडला, “बघ! झाली की नाही सवय?”