चुकीचं सांगितलं म्हणजे खोटं बोलला, असं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकाऱ्याने सांगितलं मीटिंग पाचला आहे, प्रत्यक्षात ती चारला होती. त्याला स्वतःला मनापासून पाचच वाटत होतं. प्रश्न विचारणाऱ्या ताई त्याला म्हणाल्या "तू खोटं बोललास" आणि तो चांगलाच दुखावला. ताईंचं म्हणणं, शब्दकोशात खोटं म्हणजे जे खरं नाही ते, त्याने सांगितलेलं खरं नव्हतं, मग माझं काय चुकलं? आणि जोडीला, "दिशाभूल केलीस" म्हटलं असतं तर चाललं असतं का?

आधी थेट उत्तर. तो खोटं बोलला नाही, त्याचं बोलणं चुकीचं निघालं. पण शब्दकोशही चुकलेला नाही, आणि ही दोन्ही विधानं एकाच वेळी कशी खरी असू शकतात हा मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९८१ साली लिंडा कोलमन आणि पॉल के या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजीतल्या नेमक्या याच शब्दावर, म्हणजे 'लाय'वर (lie, खोटं बोलणं), अभ्यास केला. त्यांनी खोटं बोलण्याचे तीन घटक धरले: सांगितलेली गोष्ट मुळात खरी नसणं, बोलणाऱ्याला ती खरी नाही असं वाटत असणं, आणि समोरच्याला फसवायचा हेतू असणं. प्रत्येक घटक एकतर आहे किंवा नाही, म्हणजे एकूण आठ प्रकार झाले, तर त्यांनी आठ छोट्या गोष्टी रचल्या आणि लोकांना विचारलं की यातला माणूस खोटं बोलला का आणि तुम्हाला तसं कितपत खात्रीने वाटतं. निकाल असा की सगळ्यात जास्त वजन बोलणाऱ्याला काय वाटत होतं याला, मग हेतूला, आणि गोष्ट प्रत्यक्षात खरी होती की नव्हती याला सगळ्यात कमी! गंमत म्हणजे व्याख्या विचारली की लोक पटकन सांगतात 'खरं नसलेलं विधान', म्हणजे तोंडाने जो घटक पहिला सांगतात तोच निवाडा करताना शेवटी ठेवतात.

त्यातली एक गोष्ट सांगते. जॉन त्याच्या प्रेयसीला, मेरीला विचारतो, या आठवड्यात तुझा आधीचा प्रियकर भेटला होता का. मेरी म्हणते, तो तर दोन आठवडे आजारी आहे. तो खरंच दोन आठवडे आजारी असतो, पण मेरी आदल्याच रात्री त्याला भेटलेली असते. शब्द न शब्द खरा, हेतू पूर्ण फसवायचा. ही मेरी खोटं बोलली असं म्हणायला बहुतेक लोक कचरले.

आपल्याकडे यासाठी वेगळं उदाहरण शोधायला नकोच, 'नरो वा कुंजरो वा' आहे की. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने खरंच मारला होता, त्यामुळे "अश्वत्थामा मेला" हे वाक्य खरं होतं, पण ते द्रोणांनी आपल्या मुलाबद्दल समजावं म्हणूनच उच्चारलं गेलं. आणि तरी कथा धर्मराजाला सोडत नाही, जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. म्हणजे कथेने हेतूला पूर्ण वजन दिलं. पण भाषेने काय केलं बघा, आपण त्या वाक्याला सरळ 'खोटं' म्हणून मोकळे झालो नाही, त्यासाठी वेगळा वाक्प्रचारच ठेवला. लोकांच्या मनात तो प्रकार खोटेपणाच्या अगदी कडेला बसतो, आत नाही आणि बाहेरही नाही, हे यातून मला स्पष्ट दिसतं.

आता शब्दकोश. व्याख्येत फक्त 'खरं नसलेलं' एवढंच का असतं याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर भाषाशास्त्रज्ञ इव्ह स्वीटसर यांचं आहे, १९८७ च्या लेखातलं. त्या म्हणतात व्याख्या साधीच आहे आणि बरोबरच आहे, फक्त ती एक नेहमीचं जग गृहीत धरते. त्या जगात माणूस माहीत असेल तेच बोलतो, ज्याअर्थी बोलतोय त्याअर्थी त्याच्याकडे काही आधार आहे, आणि तो समोरच्याला उपयोगी पडावं म्हणून बोलतोय. एवढं गृहीत धरलं की बाकीचं आपोआप येतं: विधान खरं नाही, म्हणजे त्याला ते माहीत असणार, आणि माहीत असून सांगतोय म्हणजे फसवतोय. ताई, तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत हे गृहीतच कोसळलं, त्याची माहितीच चुकीची होती. त्यामुळे व्याख्या शब्दशः लागू झाली पण तिच्या मागे जे येतं ते आलं नाही, आणि त्याने मात्र तुमच्या वाक्यातून सगळं पॅकेज ऐकलं. माहीत असून सांगितलंस, फसवलंस, असं. तो दुखावला ते त्यामुळे.

मराठीत तर याचा पुरावा रोजच्या बोलण्यात पडलेला आहे, आणि तो क्रियापदात आहे. 'खोटं ठरणं' घ्या. हवामानाचा अंदाज खोटा ठरला म्हणताना आपण कोणावर आळ घेत नाही, तिथे फक्त पहिला घटक आहे, जग तसं निघालं नाही एवढंच. 'खोटं बोलणं' म्हटलं की माणूस आत आला, त्याचं मन आत आलं. 'खोटं पाडणं'मध्ये तर तिसराच कोणीतरी येऊन ठरवतो की हा खोटा. 'खोटं खोटं' असं दोनदा म्हटलं की उलट फसवणूकच निघून जाते, मूल खोटं खोटं रडतंय हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं की आपल्याला माहीत आहे. आणि "खोटं कशाला सांगू, मला ते पटलं नव्हतं" या वाक्यात बोलणारा जगातल्या सत्याची हमी देतच नाहीये, फक्त माझ्या मनात होतं तेच बोलतोय एवढी हमी देतोय. कोलमन आणि के यांनी आकड्यांत जे दाखवलं ते या एका वाक्यात ऐकू येतं, निदान मला तरी. (माझी खोटी झाली, म्हणजे उशीर झाला, हा वेगळा अर्थ, तो इथे आणत नाही.)

लहान मुलांचा एक अभ्यासही इथे सांगायलाच हवा. विमर, ग्रुबर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवलं की चार ते सहा वर्षांची बरीच मुलं प्रामाणिक चुकीलाही 'खोटं बोलला' म्हणतात, म्हणजे ताईंसारखीच शब्दकोशी व्याख्या लावतात, पण त्याच माणसाला बक्षीस द्यायचं का विचारलं की हेतू बघूनच ठरवतात. शब्दाचा अर्थ आणि माणसाबद्दलचा न्याय या दोन गोष्टी मुलांच्या मनात वेगवेगळ्या चालू असतात, आणि मोठेपणी आपण हेतू त्या शब्दाच्या आतच घेतो.

सगळं मिटलंय असं मात्र नाही. समजा एकाने मित्राला लपवायला, तो तिथे नाही असं समजून, मुद्दाम "तो भावाकडे आहे" असं सांगितलं आणि योगायोगाने मित्र खरोखर भावाकडेच होता. हा खोटं बोलला का? २०१५ मध्ये अँजेलो आणि जॉन टुरी यांनी लोकांना 'खोटं बोलायचा प्रयत्न केला पण जमलं नाही' असाही पर्याय दिला तर बहुतेकांनी तोच निवडला, म्हणजे गोष्ट प्रत्यक्षात खरी नसणं हा पहिला घटकही हवाच असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी वीगमन, झामलांड आणि वाल्डमन यांनी पर्याय वेगळे मांडून पाहिलं तर लोक त्यालाही खोटं बोलणंच म्हणाले. मला यातून एवढं नक्की वाटतं की अर्थाबद्दल लोकांना विचारताना प्रश्न कसा मांडला हे उत्तराइतकंच तपासावं लागतं. आणि एखादं उदाहरण शब्दात किती बसतं याला लोक कमी-जास्त गुण देतात म्हणून शब्दाचा अर्थच धूसर असतो असंही लगेच म्हणू नये, कारण मानसशास्त्रज्ञ आर्मस्ट्राँग आणि ग्लाइटमन दांपत्याच्या १९८३ च्या प्रयोगात लोकांनी ३ हा ४४७ पेक्षा 'जास्त चांगला' विषम आकडा ठरवला होता, आणि विषम म्हणजे काय याबद्दल तर कोणालाच शंका नसते.

तर ताई, "चुकीचं सांगितलंस" म्हणा, त्यात चूक त्याच्या पदरात पडते आणि मनावर आळ येत नाही. "दिशाभूल केलीस" नको, ते 'खोटं बोललास'च्याच शेजारी बसतं, कारण 'करणं' आलं की हेतू आला. "माझी दिशाभूल झाली" मात्र चालेल.