‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा पहिला अंक शोधू नका

जुन्या अमेरिकन भयकॉमिक्सबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा अंक क्रमांक १ एक विक्रेता ‘१९५०चा अस्सल’ म्हणून देतोय. कागद चांगला पिवळा पडलाय. घ्यावा का? (पुणे)

अस्सल म्हणून मुळीच नको. १९५०च्या दशकात या नावाचा १ क्रमांकाचा अंक निघालाच नव्हता. नवं नियतकालिक काढलं की टपालाच्या सवलतीच्या दरासाठी पुन्हा परवान्याचे पैसे भरावे लागत. ते वाचवायला ‘क्रिप्ट’ काढणाऱ्या ईसी कॉमिक्सचे मालक विल्यम गेन्स चालू अंकमालेचंच नाव बदलत आणि क्रमांक तसाच पुढे नेत. ‘क्राइम पेट्रोल’चं १७व्या अंकाला ‘द क्रिप्ट ऑफ टेरर’ झालं (एप्रिल-मे १९५०) आणि २०व्याला ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’. ते ४६व्या अंकावर, १९५५च्या सुरुवातीला थांबलं. ईसीच्याच ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’चे अंक याच कारणाने १२ ते ४०.

त्यांच्या तिसऱ्या भयमालेची, ‘द हाँट ऑफ फिअर’ची, तर गंमतच आहे. आधी १५, १६, १७ आणि मग एकदम ४! टपाल खात्याने हिशेब विचारल्यावर चौथ्या अंकाला निमूटपणे ४ क्रमांक द्यावा लागला. तिथून ही माला २८पर्यंत गेली. म्हणजे तिचे १, २, ३ अस्तित्वातच नाहीत आणि १५, १६, १७ मात्र दोन-दोन आहेत, एकदा १९५०चे आणि पुन्हा १९५२-५३चे. १९५०च्या तिघांना भाव जास्त, म्हणून विकत घेताना क्रमांकाबरोबर सालही विचारा.

तुम्हाला दाखवलेला अंक बहुधा १९९०च्या दशकातलं पुनर्मुद्रण असावा. त्या वेळी ‘क्रिप्ट’चे १७ ते ४६ हे तीसही अंक १ ते ३० असे नव्याने लावले गेले. २००७ साली याच नावाने नव्या कथांची माला निघाली, तीही १पासूनच. पिवळेपणा हा पुरावा धरू नका. न्यूजप्रिंटचा कागद तीस वर्षांतही तेवढा पिवळा पडतो. मुखपृष्ठावरची किंमत बघा, जुन्या अंकावर १० सेंट असते. बारकोड असेल तर विषयच संपला. मग आतला बारीक टायपातला प्रकाशनाचा मजकूर वाचा, साल तिथे मिळतं. वाचायला म्हणून पुनर्मुद्रणाच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या, चारही कथा त्यात असतात.

प्रत्येक अंकाच्या मध्ये चित्रांशिवाय दोन पानांची रटाळ गोष्ट का असते? (डोंबिवली)

टपालाच्या त्याच सवलतीसाठी. अंकात थोडा तरी निव्वळ मजकूर असावा, अशी अट होती. मुलं ती पानं उलटून पुढे जात, हे छापणाऱ्यांनाही माहीत होतं.

दिवाळी अंकासाठी आठ पानांची भयचित्रकथा करतोय. ईसीच्या कथांचा सांगाडा नेमका कसा असे? (नाशिक)

एका अंकात साधारण सहा ते आठ पानांच्या चार कथा. पहिल्या पानावर अर्धं पान खाणारं मोठं चित्र आणि खाली दोन-तीन चौकटी. पुढच्या पानांवर सरासरी सहा धरल्या तर आठ पानांत ४५च्या आसपास चौकटी मिळतात. गोष्ट सांगायला क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर किंवा ओल्ड विच, म्हणजे या तीन मालांचे भेसूर निवेदक. आपल्या वेताळासारखंच काम, फक्त प्रश्न न विचारता शेवटी खिदळायचं.

गुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत वाचकाला दिसलाच पाहिजे. नवशिके इथेच चुकतात. गुन्हाच लपवतात आणि शेवटच्या पानावर खुलासा करत बसतात. लपवायचं ते शिक्षेचं रूप, आणि तेही गुन्ह्यातूनच निघायला हवं. एका कथेत खाटीक खराब मांस विकतो, तेच खाऊन त्याचा स्वतःचा मुलगा जातो आणि शेवटी दुकानाच्या काचेमागे बायकोने मांडलेला ‘माल’ म्हणजे तो स्वतःच. सुरी, काच, तराजू हे सगळं आधीच्या पानांवर येऊन गेलेलं असतं. शेवटच्या चौकटीत नवी वस्तू आणलीत की भीती गेलीच म्हणून समजा.

आता पानांचा हिशेब. कथा उजव्या हाताच्या पानावर सुरू करा. मग २-३, ४-५, ६-७ ही पानं समोरासमोर येतात आणि आठवं पान उलटल्याशिवाय दिसत नाही. डावीकडून सुरू केलीत तर ७ आणि ८ शेजारी येतील आणि वाचकाची नजर आधी प्रेतावर जाईल. संपादकांना हे आत्ताच सांगून ठेवा. दिवाळी अंकात ऐन वेळी जाहिरात घुसते आणि सगळी पानं एकाने सरकतात.

एका बाबतीत मात्र ईसीची नक्कल करू नका. तिथे संपादक अल फेल्डस्टीन कोऱ्या फलकावर चौकटी आखून थेट मजकूर लिहीत. तो लेरॉय साच्याने (एकसारखी अक्षरं काढायची पट्टी) अक्षरांत उतरवला जाई आणि मग फलक चित्रकाराकडे जाई. चित्राला उरेल ती जागा. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीन यांना ‘मास्टर रेस’ ही कथा (१९५५) सहा पानांत दिली होती. त्यांनी फलक कापून, चौकटी बारीक करून तिची आठ पानं केली, तेव्हा कुठे चित्रांना श्वास मिळाला. देवनागरीत अडचण आणखी वाढते, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. एका चौकटीत वीस-पंचवीस शब्दांवर जाऊ नका, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा.

निवेदन बरेचदा ‘तू हे करतोस, तू वळतोस’ असं थेट खुन्याला उद्देशून असे. मराठीत ‘तू’च ठेवा. खुन्याला ‘तुम्ही’ म्हटलं की तो पाहुणा वाटतो.

अमेरिकेत या कॉमिक्सवर कायद्याने बंदी आली होती का? (ठाणे)

देशव्यापी कायदा झाला नाही. एप्रिल १९५४मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली. बाईचं तोडलेलं मुंडकं हातात धरलेलं ईसीचंच एक मुखपृष्ठ त्यांना दाखवलं गेलं. भयकॉमिकच्या मानाने ते अभिरुचीला धरून आहे, मुंडकं आणखी वर धरून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर वाईट, असं उत्तर त्यांनी दिलं. साक्षीत असं बोलू नये, दुसरं काय! त्याच वर्षी प्रकाशकांनीच कॉमिक्स कोड ही स्वतःसाठीची नियमावली आणली. नावात ‘हॉरर’, ‘टेरर’ नको. कथेत व्हॅम्पायर, वेअरवुल्फ नकोत. कोडचा शिक्का नसलेले अंक वितरक उचलेनात आणि धंदा बसला. १९६४मध्ये ‘क्रीपी’ निघालं ते मोठ्या आकाराचं, कृष्णधवल नियतकालिक म्हणून, कॉमिक म्हणून नव्हे. कोड फक्त कॉमिक्सना लागू होता. ब्रिटनने मात्र १९५५ साली खराच कायदा केला.

पावसाळ्यात जुने अंक फुगतात, पिना गंजतात. काय करावं? (रत्नागिरी)

हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा-उजेडाने आम्ल तयार करतं आणि पानं कडा धरून तुटू लागतात. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवा. १९५०च्या आकाराला सुमारे पावणेआठ बाय साडेदहा इंचांची पिशवी लागते. पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त पडते, पण दर चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. मऊ पीव्हीसी नको, ते शाईला चिकटतं.

अंक उभे, खोक्यात सैल न पडतील असे ठेवा. खोकं जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून नको. सिलिका जेल घट्ट झाकणाच्या डब्यातच उपयोगी पडतं, उघड्या कपाटात ते एका रात्रीत भरतं. सोबत छोटं आर्द्रतामापक ठेवा आणि ४० ते ५० टक्क्यांत राहा. ३५च्या खाली गेलात तर पानं ठिसूळ होतील. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकू नका, तो वास कागदातून जात नाही.

बुरशी दिसली तर ओली असताना पुसू नका, पुसल्याने ती आत जाते. अंक वेगळा काढा, सावलीत वाळवा आणि मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर मऊ ब्रशने झटका. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा पिवळा डाग निघत नाही. गंजलेली पीन पान फाडत नसेल तर तशीच राहू द्या. घरी पक्कडने उपसताना मधलं पान हमखास निघून येतं.