विषय नको, जागा निवड

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मनात घोळतंय. परदेशात पीएचडी, मुंबईत किनारे साफ करणाऱ्या संस्थेतलं काम, की आई म्हणते तशी स्पर्धा परीक्षा, या गोंधळात तू आहेस ते समजलं. पण शेवटी लिहिलंयस, 'मॅडम, तापमानवाढ, प्रदूषण आणि आम्लीकरण यांतलं समुद्रावरचं सर्वांत मोठं संकट कोणतं ते सांगा, मी आयुष्यभर त्यावरच काम करीन.' हे वाचून मी अस्वस्थ झाले. तुझ्यासारखा हुशार मुलगा हा प्रश्न विचारतो, म्हणजे आम्ही शिकवण्यात काहीतरी उलटंच सांगत आलो.

अरे, विषय निवडू नकोस. जागा निवड. एक खाडी घे, एक किनारा घे, आणि तिथलं पाणी मोजत राहा.

हे तीन विषय अभ्यासक्रमात वेगळे आहेत, पाण्यात नाहीत. कुठल्याही खाडीच्या मुखाशी बघ. गावाचं सांडपाणी आणि शेतातलं खत उतरतं, त्यावर शैवाल माजतं, मरून तळाशी कुजतं. कुजताना ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे हवेतून विरघळणारा कार्बन डायऑक्साइड वरून आणि गटारातून तयार झालेला खालून, दोन्ही बाजूंनी त्याच पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. त्यात पाणी तापलेलं असलं तर मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. कालवं आणि तिसऱ्या याच पाण्यातून कार्बोनेट घेऊन शिंपले बांधतात आणि आम्लता वाढली की ते कार्बोनेटच कमी पडतं. आता सांग, त्या कालवाला कोणत्या विषयानं मारलं?

औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. मोजपट्टी लॉगॅरिदमिक आहे, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, त्यामुळे आम्लता जवळजवळ 30 टक्के वाढली. हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. पण हे आपल्याला कळलं कसं? हवाईत मौना लोआवर चार्ल्स कीलिंगनं 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. 1964 मध्ये पैसे कापले गेले आणि काही महिने नोंद तुटली. तरी तो हटला नाही. 1988 पासून हवाईच्याच उत्तरेला समुद्रातल्या एका ठरलेल्या ठिकाणी पाणी मोजतात, म्हणून हवेचा आकडा चढताना समुद्राचा पीएच उतरतो हे शेजारी शेजारी दिसतं. आपल्याकडे गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असंच करत आलेत. पावसाळ्यात खोलातलं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागात चढतं आणि पाऊस सरता सरता सर्वांत वाईट अवस्था येते, हे अशाच मोजण्यातून कळलं. त्यांनी आधी जागा धरली.

माझा हट्ट कुठून आला ते सांगते. मी कॉलेजात नुकतीच लागले होते. खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना सुरू झाला होता आणि पहिल्या पावसात मासे मरून किनाऱ्याला लागले. सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, 'कारखान्याआधी पाण्यात ऑक्सिजन किती होता?' म्हातारा तांडेल उठून म्हणाला, बोय आणि तांबोशी इतकी लागायची की जाळं ओढवत नसे. त्याचं म्हणणं लिहून घेतलं गेलं, पण पुरावा म्हणून नाही. कारखान्याआधीच्या पाण्याचा एकही आकडा अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नव्हता. ती वर्षं आता कुठूनही परत आणता येत नाहीत. याची खंत मला आजही आहे.

त्यानंतर मी ती खाडी सोडली नाही. माझ्याबरोबरचे लोक दिल्लीला गेले, अमेरिकेला गेले. मोजून काय होतं, कार्बन कमी होतो का, असं मला माझ्याच विभागातल्या लोकांनी विचारलं. त्याचं उत्तर ऐक. अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरावर कालवांची पिल्लं तयार करणारं एक केंद्र आहे. 2007 च्या सुमारास तिथली पिल्लं मरायला लागली. आधी रोगजंतूंचा संशय घेतला गेला. पाण्याचं रसायन मोजल्यावर खरं कारण सापडलं, खोलातून वर येणारं आम्लतर पाणी. मग दुपारनंतर, शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणानं पीएच चढलेला असताना, टाक्या भरायच्या आणि आम्लता मारायला पाण्यात सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, घालायची, एवढं करून त्यांनी धंदा वाचवला. हे मोजण्यामुळेच झालं. मी खाडीवर राहिले ते बरोबरच केलं, आणि हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाही.

किनारे साफ करायचे तर जरूर कर. परदेशी जायचं तर जा, शिक आणि परत ये. स्पर्धा परीक्षा देऊन मत्स्यव्यवसाय खात्यात गेलास तरी मला आनंदच आहे. पण कुठेही गेलास तरी जागा एक धर.

आणि प्रामाणिकपणे मोज. जगाचं आम्लीकरण वर्षाला पीएचच्या साधारण 0.002 अंकानं पुढे सरकतं, ते कॉलेजच्या पीएच मीटरला दिसणार नाही. दिसलं असं कधी लिहू नकोस. तुला दिसेल तो गावाचा वाटा, आणि तोच गावाला थांबवता येतो. ऑक्सिजन विंकलरच्या पद्धतीनं काढ. ती 1888 ची आहे, पण बाटली, ब्युरेट आणि थायोसल्फेटसारखी थोडी रसायनं असली की भागतं. नमुन्यातला ऑक्सिजन रसायनं घालून होडीतच बांधून घे, घरी आणून नाही. उजाडायच्या आधी जा. रात्रभर सगळे जीव श्वास घेत असतात, म्हणून ऑक्सिजन आणि पीएच पहाटे सर्वांत खाली असतात. दुपारी उन्हात मोजणारा माणूस खाडी ठणठणीत आहे असं लिहून येतो. दर वेळी भरती-ओहोटीची तीच अवस्था साध. उधाणाचे, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे, आकडे भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीच्या, आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी मिळणार नाही, तेव्हा जेटीवरून बादली सोड. वही कोरी ठेवू नकोस. पहिला पाऊस चुकवशील तर मी रागवेन, आत्ताच सांगते.

कोणती खाडी घेतोस ते या आठवड्यात कळव. तुझ्या गावची घेणार असलास तर आधी तिथल्या कालवं काढणाऱ्या बायकांना भेट. पाणी कुठे वास मारतं आणि कोणत्या खडकावरची कालवं आधी गेली, हे त्यांना विचारून मगच नमुन्याची ठिकाणं ठरव. माझ्या जुन्या वह्यांच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. पाण्यातला ऑक्सिजन मोजायच्या, बीओडीच्या काचेच्या बाटल्याही आहेत, घट्ट बुचांच्या. येऊन घेऊन जा.

तुझी,
मॅडम