एनसीच्या कागदावर मिटवू नका, सर

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका खासगी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वय 51. घटक चाचणीत कॉपी धरली म्हणून अकरावीच्या एका विद्यार्थ्यानं संध्याकाळी गेटबाहेर मला गाठलं. सोबत त्याचा 19 वर्षांचा चुलतभाऊ होता. भावानं माझे हात मागून धरले आणि यानं कडं घातलेल्या हातानं ठोसे मारले. पुढचा एक दात तुटला, एक हलतोय. खासगी दंतवैद्याला दाखवलं. 'मुलगा अल्पवयीन आहे' म्हणून पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. तीन आठवडे झाले. प्राचार्य म्हणतात, संस्थेचं नाव जाईल, मिटवा. मुलाचे वडील तालमीतली चार माणसं घेऊन घरी आले, दाताचा खर्च देतो म्हणाले आणि जाताना 'तुम्हीपण वर्गात हात उगारला होता, केस आम्हालाही करता येते' असं सुनावून गेले. सहकारी म्हणतात, सरकारी नोकरावरच्या हल्ल्याचं कलम 353 लावा. मुलगा पुढच्या महिन्यात 18 पूर्ण करतोय. तोवर थांबू का?

उत्तर : थांबू नका. गुन्हा घडला त्या दिवशी वय किती होतं, एवढंच कायदा बघतो. उद्या तो पंचवीस वर्षांचा झाला तरी या प्रकरणापुरता तो अल्पवयीनच राहणार. थांबल्यानं एकच होईल, गेटवरच्या सीसीटीव्हीत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढेल आणि तुमचा पुरावा पुसला जाईल. कदाचित गेलाही असेल. म्हणून आजच प्राचार्यांना लेखी पत्र द्या, त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवायला सांगा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नसतं.

आता ती एनसी. साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2). शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलिसांनी तुमचं प्रकरण या खान्यात टाकलंय. पण गंभीर दुखापत कशाला म्हणायचं, हे कलम 116 मध्ये मोजून सांगितलंय, आणि त्यात हाडाच्या जोडीनं दातही आहे. मोडला किंवा निखळला तरी गंभीर. मग कलम लागतं 117(2). सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, गुन्हा दखलपात्र. तुम्ही सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, न जाता खासगी दंतवैद्याकडे गेलात, त्यामुळे मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद झाली नसणार. बिघडलं नाही. त्या डॉक्टरांचा केसपेपर आणि एक्स-रे हाही पुरावाच आहे, शिवाय पोलीस तुम्हाला आजही सरकारी तपासणीला पाठवू शकतात.

'अल्पवयीन आहे म्हणून एफआयआर नाही' हे पोलिसांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बाल न्याय नियमांप्रमाणे साधारणपणे अल्पवयीनावर एफआयआर नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. पण याच नियमाला दोन अपवाद आहेत : गुन्हा निर्घृण स्वरूपाचा असेल किंवा तो सज्ञान माणसाच्या साथीनं केल्याचा आरोप असेल. तुमचे हात धरणारा 19 वर्षांचा भाऊ हा दुसरा अपवाद. मूळ तक्रारीत त्याचा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर पुरवणी जबाब द्या. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तिथंही नाही तर न्यायदंडाधिकारी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये हीच वाट दिली आहे. तीन आठवडे का गेले, तेही अर्जात प्रामाणिकपणे लिहा.

353 चं म्हणाल तर तो आकडा आता इतिहासजमा झाला. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना त्या जागी न्याय संहितेचं कलम 132 आहे, आणि सरकारी नोकराला कामावर असताना दुखापत केली तर 121. जिल्हा परिषदेचा किंवा महापालिकेचा शिक्षक असता तर मी ही कलमं बिनधास्त मागितली असती. खासगी अनुदानित संस्थेतला शिक्षक या व्याख्येत बसतो का, यावर मात्र समोरचा वकील तासभर बोलेल. सगळा डाव त्यावर लावू नका. तुटलेल्या दाताला व्याख्या लागत नाही.

वर्गात हात उगारला होता का? मला नाही, पण तुमच्या वकिलाला खरं सांगा. ताब्यातल्या मुलाला मारहाण केली, क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तशी तक्रार आली तर ती स्वतंत्र चालेल, तिच्यामुळे तुमची तक्रार रद्द होत नाही. आणखी एक. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाच्या नावानिशी त्या मारहाणीची क्लिप फिरत असेल, तर ती आत्ताच थांबवा. अल्पवयीनाची ओळख उघड केली तर कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मार खाऊन वर आरोपी व्हायची वेळ नको.

शिक्षा काय होईल? सात वर्षांचा आकडा या मुलाला लागू नाही. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा (म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर, देखरेखीखाली सोडणं), आणि फार तर तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे अशा मुलांना ठेवायची संस्था. त्याला सज्ञान धरून खटला चालणार नाही. ती सोय 16 वर्षांवरच्यांना आणि निर्घृण गुन्ह्यांनाच आहे, म्हणजे जिथं किमान शिक्षाच सात वर्षांची असते. 2012 साली चेन्नईत नववीतल्या 15 वर्षांच्या मुलानं शिक्षिकेला वर्गातच भोसकून मारलं, तेव्हा 'सज्ञानासारखी शिक्षा द्या' असा संताप उसळला होता. आजच्या कायद्यातही तो मुलगा वयामुळे बाल न्याय मंडळासमोरच गेला असता. मला स्वतःला हे चुकीचं वाटत नाही. चुकीचं वाटतं ते हे, की प्रकरण मंडळापर्यंत पोचतच नाही, प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहावर संपतं. मुलाला त्यातून एवढंच कळतं, की मास्तरच्या दाताचा भाव बाबांच्या खिशाला परवडतो.

मंडळापुढं मी तुमच्या बाजूनं उभा असतो तर विशेष गृह मागितलं नसतं. वडिलांकडून दंड, परिविक्षा, आणि सहा महिने दर रविवारी एखाद्या सरकारी रुग्णालयात मंडळानं नेमून दिलेली सेवा, इतकं मागितलं असतं. 'पोराचं आयुष्य बरबाद होईल' या रडगाण्यानं विरघळू नका. अशा आदेशामुळे त्याला पुढं नोकरीला अपात्र धरता येत नाही, असं बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं.

माझा राग त्या भावावर जास्त आहे. मारणारा 17 चा होता, आवरायचं वय 19 चं होतं आणि त्यानं हात धरले ते तुमचे. त्याचा खटला नेहमीच्या कोर्टात, वेगळा चालेल. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो त्याच दिवशी बाहेर दिसेल, मनाची तयारी ठेवा. दोषी ठरला आणि तेव्हाही तो 21 च्या आतला असला, तर 1958 च्या परिविक्षा कायद्याप्रमाणे कोर्टाला कैदेऐवजी परिविक्षेचा विचार आधी करावा लागेल. तसं झालं तर त्याच कायद्याच्या कलम 5 खाली भरपाई आणि खर्च मागा. पाकिटातून नव्हे, कोर्टाच्या आदेशानं.

राहिलं मिटवणं. 117(2) चा गुन्हा तडजोडीनं मिटतो, पण कोर्टाच्या परवानगीनं, आणि तो अधिकार दुखापत झालेल्या माणसाचा म्हणजे तुमचा. संस्थेचा नाही, तालमीचा तर नाहीच. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, त्यामुळे उद्या ते गुन्हा रद्द करून घ्यायला गेले तरी तुम्हाला मुंबईची गाडी पकडावी लागणार नाही. तिथंही तुमची संमती आहे का, हे विचारलं जाईल. तोवर कुठल्याही कोऱ्या किंवा भरलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका.

एक्स-रे डॉक्टरांकडेच राहिला असेल तर एसपी ऑफिसला जाण्याआधी तो घेऊन या. आणि हलणारा दात काढून टाकणार असाल, तर काढायच्या आधी त्याचाही एक्स-रे काढून ठेवा.