तुरुंगातल्या महिलेवर माहितीपट करायचा आहे. परवानगी कशी मिळते आणि तिला नेमकं काय विचारावं?

परवानगीचं आधी उरकते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१५ च्या सूचना आहेत, त्या वाचा. राज्य सरकारकडे अर्ज, एक लाख अनामत, चित्रीकरणाची तपासणी आणि ना हरकत पत्राशिवाय प्रदर्शन नाही. बाकी कागदपत्रं तुम्ही कराल.

मी लिहितेय ते दुसऱ्या प्रश्नासाठी. मी संकलक आहे. न्यायाधीन बंदी असलेल्या एका बाईवरची फिल्म माझ्या टेबलावर आली होती. जावेच्या मृत्यूचा गुन्हा, खटला सुरू. दिग्दर्शकाचा पहिलाच प्रश्न, "त्या रात्री काय झालं?" तीही खोलीत शिपाई उभी असताना! बाई बराच वेळ गप्प बसली आणि मग बोलत सुटली. दिग्दर्शकाच्या मते तो फिल्मचा प्राण होता. माझ्या मते तो तिच्याविरुद्धचा पुरावा होता. सरकारी वकिलाने उद्या ते फुटेज कोर्टात मागवलं तर तिला कोण वाचवणार होतं?

खरी फिल्म उरलेल्या फुटेजमध्ये होती आणि ती कोणाला दिसत नव्हती. जामीन मंजूर होऊनही ती आतच होती, कारण जामीनदार मिळत नव्हता. सासरचं कोणी मुलाकातीला फिरकलं नव्हतं. भाऊ सुरुवातीला येत असे, त्याचं लग्न ठरलं आणि तो यायचा थांबला. धाकटी मुलगी तिच्याजवळ बराकीत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल आईजवळ राहतं ते सहा वर्षांचं होईपर्यंतच. मुलीचा वाढदिवस जवळ येत होता आणि तिला न्यायला कोण येणार, हे आईला माहीत नव्हतं. यावर ती जे बोलली ते मी सलग, एकही काट न मारता लावलं होतं. दिग्दर्शकाने ते अर्ध्यावर आणलं आणि "त्या रात्री" सुरुवातीला घेतलं. म्हणाला, गुन्हा कळला नाही तर प्रेक्षक बसेल कशाला? मी श्रेयनामावलीतून माझं नाव काढायला लावलं. तो अजूनही चारचौघांत मला भावनिक म्हणतो.

यात भावनिक काय आहे? २०२२ च्या अखेरीस देशात २३ हजारांवर स्त्रिया तुरुंगात होत्या. एकूण कैद्यांत चारातले तीन न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. काय केलंस, हे विचारायला कोर्ट बसलेलं आहे. तुम्ही विचारा, भेटायला कोण येतं? मनीऑर्डर कोण पाठवतं? जामिनासाठी सातबारा द्यायला कोणी नाही म्हटलं? पुरुष कैद्यांच्या मुलाकातीला बायका, आया, बहिणी ताटकळत उभ्या असतात. बाई आत गेली की तिच्यासाठी कोण उभं राहतं, ते कॅमेऱ्याने दाखवावं. नवरा आणि दीर कॅमेऱ्यासमोर यायला नकार देतील. तो नकारही फिल्ममध्ये ठेवा.

शिक्षा होऊन अपीलही संपलं असेल आणि ती आपणहून गुन्ह्याबद्दल बोलत असेल, तर गोष्ट वेगळी. मी वकील नाही, त्यामुळे चित्रीकरणाआधी तिच्या वकिलाला भेटाच, तो विधी सेवा प्राधिकरणाने मोफत दिलेला असला तरी. आणि अधीक्षकांच्या टेबलावर घेतलेल्या अंगठ्याला संमती समजू नका. सुटल्यावर तिला कापलेली फिल्म दाखवा, पुन्हा विचारा. नाही म्हणाली तर तो भाग काढा, निर्माता कितीही ओरडला तरी.